खडीकरण

पहाटे पाचला कोंढव्याच्या चौकात
शमुवेल साळवी उभा असतो,
खिशात चिक्की आणि दुधाची धुतलेली पिशवी.
बोपदेव चढताना आम्ही बोलत नाही.
तो गुडघ्यांशी बोलतो, मी गिअरशी.
वर भिवरीत चहा,
चांबळीच्या बाजूला अंजिराच्या बागा,
आणि सासवडला नदीकाठचं काळं देऊळ,
जिथे पायरीला सायकल टेकवून केळी खाताना
गुरव दरवेळी विचारतो,
"पुण्याहून? सायकलवर? का पण?"

सोनोरी सोडली की वाडीचा फाटा.
तिथे डांबर संपतं, कापल्यासारखं.
पुढे चाळीस मिलिमीटर खडी, तिच्यावर मुरूम,
मुरमावर एकोणीस पावसाळे.
हे मला न मोजता कळतं, कारण
शून्य ते तीन किलोमीटर दोनशे मीटर,
या रस्त्याचं अंदाजपत्रक माझ्या हातचं आहे.
बांधकाम खात्यातलं हिरवं टेबल,
तिसऱ्या खिडकीखालचं.
खडीकरण झालं, रूळ फिरला, फोटो निघाला,
आणि डांबरीकरणाच्या रकान्यात
मार्च महिना येऊन बसला.
निधी परत गेला. फाइल कपाटात गेली.
मी निवृत्त झाले.

आता शमुवेल या अर्धवट कामाला
स्वर्ग म्हणतो.
रुंद टायरखाली खडी कुरकुरते,
भाजलेले हरभरे फोडावेत तशी,
आणि उजवीकडे मल्हारगड
बेताच्या उंचीचा, कुणाला न घाबरवणारा,
लांब पुरंदर, त्याच्या खांद्यावर ढगाचं टॉवेल.
गडाचा दगड आणि चाकाखालचा दगड एकच.
एकाला टाकी लागली, एकाला सुरुंग.
खाणीतून निघालेला डंपर येतो तेव्हा
आम्ही कडेला उतरतो
आणि आख्खा डोंगर धूळ होऊन
आमच्या भुवयांवर बसतो.

दुसऱ्या किलोमीटरला माझं मागचं टायर
कडेने फाटलं. बोटभर.
शमुवेलने पिशवी काढली, चौघडी घातली,
टायरच्या आत सरकवली, हवा भरली.
"जाईल पुण्यापर्यंत," म्हणाला,
पाव किलो दह्याबद्दल बोलावं तसं.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली,
डोक्यावर अंजिरांची पाटी, वर लिंबाचा पाला.
भागूबाई नाव. बसली. दोन अंजिरं दिली.
आमच्या हेल्मेटांकडे बघत म्हणाली,
"तुम्ही त्या खात्याचं का?
डांबर कधी टाकताय?"
शमुवेल हसला. "नाही हो मावशी,
आम्हाला असाच आवडतो रस्ता."
बाईने पाटी जरा सावरली.
"आवडंल की. तुम्हाला ह्यावरनं परत जायचंय.
माझी सून टेंपोत बाळंत झाली,
त्या चिंचेपाशी.
पोरगं चांगलंय. दहावीला आहे.
नाव खडीवरनं ठेवा म्हणत होते लोक."
आणि स्वतःच खूप हसली.

मी अंजीर हातात धरून बसले.
सांगता आलं असतं,
ती चिंच माझ्या नकाशात आहे,
साखळी क्रमांक एक हजार आठशे साठ,
डावी बाजू, "झाड, तोडू नये" असा शेरा.
शेरा माझाच.
नाही सांगितलं.
देठाचं दूध बोटांना चिकटत राहिलं.

गडावर गेलो तर खरं.
दोन देवळं शेजारी शेजारी, तळ्यात शेवाळ,
तटावर एक पोरगा शेळ्यांसकट,
मोबाइलवर सामना लावून.
खालून तो रस्ता पांढरा दिसत होता,
पाटीवर खडूची रेघ ओढावी
आणि मास्तरांना कुणी बाहेर बोलवावं, तसा.
शमुवेलने फोटो काढला.
"काय रस्ता आहे!" म्हणाला.
मी म्हटलं, "हो."

झेंडेवाडीकडून हमरस्त्याला लागलो.
दिवे घाटात डांबर असं की
सायकलचा आवाजच बंद.
खाली हडपसरचे मनोरे, धूर, मस्तानी तलावाचं पाणी.
उतार. हात ब्रेकवर.
आणि मागच्या चाकातून
टक्. टक्. टक्.
पिशवी नाही, ती घट्ट होती.
टायरच्या खाचेत एक खडा अडकून आला होता,
दर फेऱ्याला एकदा रस्ता ठोठावत.
शमुवेल ओरडला, "थांब, काढून टाकू!"
मी म्हटलं, राहू दे,
कोंढव्यापर्यंत तरी.
उद्या सोमवार. खातं अकराला उघडतं.